उभी टांगलेली आडवी बाटली

आडवी बाटली मी उभी टांगली.

चूक सांगायला एवढं एक वाक्य पुरतं. ती निस्तरायला मात्र गावातल्या बायकांना धुळीत रस्त्याकडेला झोपावं लागलं. ते पुढे येईलच. त्याआधी माझी ओळख करून देतो, म्हणजे चुकीचं खरं वजन कळेल. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. कागद हातात आला की आधी त्याची वरची बाजू ठरवा, हे मी पोरांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही बडबडतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

एप्रिल लागला की आमच्या पारनेरच्या बाजूला वाऱ्याला कांद्याचा वास येतो. कापलेल्या पातीचा हिरवट, उग्र, जरासा गोड वास. तो दह्यात उतरतो, उशीच्या अभ्र्यात शिरतो, वर्गातल्या खडूला लागतो. कांद्याची सुटी टरफलं रस्त्यावरून उडत येतात, मोटारसायकलच्या चेनमध्ये अडकतात, देवळाच्या पायरीवर साचतात. उन्हात त्यांचा रंग असा काही दिसतो की जलरंगाच्या पेटीतली कुठलीही वडी त्याला पुरत नाही. माणसांना या वासानं बाजारभाव आठवतो. मला बाटली आठवते, आणि मानेवरून घामाचा एक थेंब खाली सरकतो.

ज्या साली हे झालं त्या साली कांदा चांगला आला होता आणि आभाळ चांगलं नव्हतं. रोज दुपारी डोंगराच्या अंगाला ढग जमायचे, वाकून बघायचे, निघून जायचे. काढलेला कांदा रानात उघडा पडलेला आणि वर हा पहारा. सगळं गाव मान वर करून बोलायचं. त्यातच दारूच्या दुकानाचं मतदान आलं.

आमच्या गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं. डेअरीकडून आमच्या आळीकडे येताना मधोमध. संध्याकाळी बायका दुधाच्या किटल्या रिकाम्या करून परत यायच्या तेव्हा त्या दुकानासमोरून चालताना त्यांच्या चपलांचा आवाज बदलायचा, पाऊल भराभर पडायचं. मी चित्रकार माणूस, असल्या गोष्टी माझ्या कानाला लागतात. त्यावर काही करावं, हे मात्र मला सुचलं नाही. ते माझ्या वहिनीला सुचलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, कमल. दादाचा ट्रॅक्टर. दिवसभर लोकांची रानं नांगरून दादा संध्याकाळी दुकानाशी थांबायचा. थांबायचा म्हणजे मग तिथून त्याला आणावं लागायचं. आदल्या पावसाळ्यात त्यानं ट्रॅक्टर विहिरीच्या कडेपर्यंत नेला होता. पुढचं चाक एका दगडाला अडलं म्हणून आज मला भाऊ आहे. वहिनी दुसऱ्या दिवशी तो दगड बघून आली.  आठवड्यानं ती दुकानाच्या मतदानासाठी बायकांच्या सह्या गोळा करताना दिसली.

सह्या झाल्या, त्या खऱ्या आहेत की नाहीत याची पडताळणी झाली, आणि मग मारुतीच्या देवळासमोर बायकांची ग्रामसभा भरली. उत्पादन शुल्क खात्याचे साहेब आले होते. पांढरा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. त्यांनी समजावून सांगितलं. मत फक्त बायकांनी द्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतील. एक उभी बाटली, एक आडवी. दुकान राहू द्यायचं तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचं तर आडव्या.

"साहेब, बाटली भरल्याली का रिकामी?" हिराबाईनं विचारलं. हिराबाई म्हणजे कांदा काढणाऱ्या बायकांच्या टोळीची पुढारीण. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या बायका तिच्या शब्दावर टेम्पोत चढतात आणि तिच्याच शब्दावर उतरतात.

"चित्रातली आहे, मावशी."

"मग आमच्या घरातल्यावानी रिकामीच आसंल."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत, कारण त्यांना अजून महत्त्वाचं सांगायचं होतं. मतदान करणाऱ्यांच्या निम्म्याहून जास्त नव्हे, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. जी बाई आली नाही, ती दुकानाच्याच पारड्यात. हे ऐकल्यावर हसू एकदम विझलं. काढणीच्या दिवसांत घरी कोण असतं?

दुकानाचे मालक बाळूशेठ उठले. माणूस गोडबोल्या, अंगात इस्त्रीचा सदरा. "माझं काही म्हणणं नाही. लायसन सरकारनं दिलंय, सरकारनं न्यावं. पण उद्या वस्तीवस्तीवर हातभट्टी लागली, कुणाचे डोळे गेले, तर माझ्याकडं येऊ नका." खरं सांगायचं तर या बोलण्यात तथ्य होतं.

तेव्हा वहिनी उभी राहिली. पदर नीट केला, साहेबांकडे बघितलं. "साहेब, दारू जगातून जानार न्हाई, ते मला बी कळतं. पन दुकान माझ्या दारापून हाकंवर हाय. म्हनून माझा मानूस रोज जातो. तेच तालुक्याला आसलं तर रोज जानं व्हनार न्हाई. आठ दिवसांतनं एकदा जाईल. मला बाकी काय नको. मला मधी अंतर पायजे." मग आवाज न चढवता, "आन दुकान ऱ्हायलं तर मी लेकीकडं डोंगरात, अकोले तालुक्याला चालले. तिच्या भातखाचरात चिखल तुडवीन, पन हितं न्हाई ऱ्हायची. ह्ये समद्यांम्होरं सांगते."

दादा पारावर मागे बसला होता. सकाळची वेळ, पूर्ण शुद्धीत. तो पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत राहिला. वहिनी तोंडातून शब्द काढून परत घेणारी बाई नाही, हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं.

अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी उभा राहिलो. म्हणालो, प्रचाराचा फलक मी करून देतो. म्हाताऱ्या बायकांना वाचता येत नाही, म्हणून त्यावर एकही अक्षर नसेल. नुसतं चित्र. चित्राला भाषा लागत नाही, चित्र थेट काळजात जातं, वगैरे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून आठवतो. कांद्याच्या वासाबरोबर येतो तोही.

नगरला फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्यानं कॉम्प्युटरवरून मान न वळवता विचारलं, "फोटो कुणाकुणाचे?"

"कुणाचेच नाहीत."

"वाढदिवस कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"शुभेच्छुक तरी?"

"नाहीत. नुसती बाटली. आडवी. आणि काही लिहायचं नाही."

आता त्यानं मान वळवली. "सर, खाली एक ओळ टाकू का? 'दुकान बंद करा' एवढंच. लोकांना कळाया पायजे ना."

मी त्याच्याकडे करुणेनं बघितलं. त्या एका ओळीनं मला वाचवलं असतं. अक्षरं असती तर फलक कुणालाच चुकीचा टांगता आला नसता. पण चित्र माझं, बाटली माझ्या हातची, काचेवर उजेडाची अशी एक तिरीप काढली होती की हात लावला तर गार लागेल असं वाटावं. तिच्याखाली ओळ? छे.

फलक लाकडी चौकटीवर ठोकून आणला. मतदान तीन-चार दिवसांवर. सकाळीच एसटी थांब्याजवळ टांगायला गेलो. दुसऱ्या बाजूनं धरायला माणूस हवा होता, आणि समोरून दादाच येताना दिसला. त्याला कसं म्हणावं, असा विचार करत होतो, तोवर तोच म्हणाला, "धरू का, बारक्या?"

"दादा, हे कशाचं आहे माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय. धर म्हनला तर धरतो. मला काय."

जागा होती विजेचा खांब आणि कडुलिंबाचं झाड यांच्या मधली. फलक रुंदीला मोठा, मधली जागा अरुंद. एक कोपरा खांबापाशी ठेवला की दुसरा झाडाच्या खोडातून आरपार जायला बघायचा. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा चौकटीनं माझं बोट चिरडलं. तेवढ्यात मला युक्ती सुचली.

"फिरव," मी वर शिडीवरून म्हणालो. "उभा धर. उभा बसेल."

दादानं फिरवला. फलक खांब आणि झाड यांच्या मध्ये असा बसला, जणू मापानंच केला होता. मी खाली उतरलो, रस्त्यापलीकडे जाऊन डोळे बारीक करून बघितलं, आम्ही चित्रकार बघतो तसं. काचेवरची तिरीप सकाळच्या उन्हात झळकत होती. जागा भरली होती, तोल सांभाळला होता. दादाही बघत होता. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बसली बरोबर. लई झकास."

आणि मी कोपरगावला लग्नाला गेलो. बायकोच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न. दोन दिवस मी जिलेबी खाल्ली, वऱ्हाडातल्या लोकांना चित्राच्या ताकदीवर व्याख्यान दिलं. कोपरगावच्या हवेत उसाच्या मळीचा आंबूस वास असतो, हंगाम सरता सरता तो जास्तच दाटतो. त्याच मळीची पुढे दारू होते, हे मी एका पाहुण्याला समजावून सांगत होतो, तेव्हा फोन वाजला. वहिनी.

"भावजी, तुमी बाटली उभी टांगली."

मी हसलो. "नाही हो वहिनी, फलक उभा आहे. बाटली..." आणि तिथे माझ्या तोंडातली जिलेबी थांबली. डोळ्यांसमोर लिंबाचं झाड आलं, खांब आला, मधली ती सुंदर, झळकती, ताठ उभी बाटली आली. दोन दिवस एसटीतून उतरणाऱ्या, डेअरीला जाणाऱ्या, रानात निघालेल्या प्रत्येक बाईला ती सांगत होती की शिक्का इथे मारा.

"आता काढा की," मी कसंबसं म्हणालो.

"आत्ता काडली. दोन दिस मी रानातच हुते, मला आज दिसली. प्रचार संपला म्हनून ग्रामसेवकानंच काडली. परवा मतदान. आता दुसरं काय लावता येत न्हाई." मग तिनं खरी अडचण सांगितली. "म्हाताऱ्या म्हनत्यात, मास्तरानं दावलीय तीच खरी. हिराबाईची टोळी काल टेम्पोतनं त्याच्याच खालून गेली. आता मतदानाच्या दिशीच येनार त्या. त्येंच्या वस्तीवरच्या बायका धरल्या तरच आपन निम्म्याच्या वर जातो."

तिनं मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन ठेवला.

परत येताना मी मोटारसायकलवर होतो, बायको मागे होती आणि सबंध रस्ता एक शब्द बोलली नाही, हे मी तिचे उपकार मानतो. नगरच्या पुढे दोन्ही बाजूंना कांद्याचे ढीग, ढिगांवर पात पसरलेली, वर जांभळे ढग. वाऱ्याला ओल होती. मला सारखं वाटत होतं की गाव आता येऊच नये. गावं तशी ऐकत नाहीत. थांब्यावर बाळूशेठ चहा पीत उभे होते. मला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. "मास्तर, या, चहा घ्या. एवढा खर्च करून मी असला फलक लावला असता तर लोकांनी मला जोड्यानं मारलं असतं. तुम्ही लावलात. उपकार आहेत." टपरीवरचे लोक हसले. मी चहा घेतला नाही. 

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी मी वहिनीच्या अंगणात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. ते बोलण्याची वेळच आली नाही. आत खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली दिसली, भरलेली, तोंड दोरीनं बांधलेलं. अकोल्याची पिशवी. ती आदल्या आठवड्यात तिथे नव्हती.

वहिनी घरामागे झाडत होती. झाडता झाडता गोठ्याच्या भिंतीशी साचलेल्या बाटल्या तिच्या केरसुणीला लागल्या. देशीच्या छोट्या बाटल्या, काहींत पाऊस साचून सुकलेला, काहींत कोळ्यानं घर केलेलं. तिनं एक उचलली, पदरानं पुसली, पुढच्या दारी आली आणि उंबऱ्यावर आडवी ठेवली.  मग शेजारणीला हाक मारली. तिला काही सांगितलं नाही, नुसतं बोट दाखवलं. शेजारीण आपल्या घरामागे गेली. तिलाही शोधावं लागलं नाही.

दिवेलागणीपर्यंत सगळ्या आळीला आडवी बाटली होती. प्रत्येक उंबऱ्यावर आपापल्या घरची. कुणी प्रचार केला नाही, कुणी घोषणा दिली नाही. आपल्या दारात आपण काय ठेवावं, यावर कुणाचा काय कायदा? मी आयुष्यभर चित्र काढलं. एवढं बोलकं चित्र त्या संध्याकाळी बायकांनी न रंगवता काढलं, आणि मी मधोमध रिकाम्या हातांनी उभा होतो.

दादा आला. दुकान मतदानासाठी बंद होतं, तरी पाय सवयीनं तिकडे जाऊन आले असावेत. चेहरा ओढलेला, हात बारीक थरथरत होते. दाराशी येऊन तो थांबला. उंबऱ्यावरची बाटली त्यानं ओळखली. वाकला, आणि ती उभी करून ठेवली.

वहिनी आतून आली. तिनं ती आडवी केली.

दादानं पुन्हा उभी केली. आवाज एवढाच, दगडावर काच टेकल्याचा.

वहिनीनं पुन्हा आडवी केली, आणि या वेळी हात काढून घेतला नाही. बाटलीवर हात तसाच ठेवून ती उंबऱ्याशी खाली बसली. मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली. मी पुढे व्हावं का, हे मला कळेना. शेजारपाजारच्या दारांत माणसं गोठल्यासारखी उभी होती.  दादाच्या कपाळाची शीर फुगली, ओठ हलले. मग त्यानं पाय उचलला, बाटलीला आणि तिच्या हाताला धक्का न लावता उंबरा ओलांडला आणि आत जाऊन खुंटीवरच्या पिशवीखाली, भिंतीला टेकून बसला.

मतदानाची सकाळ. मतदान केंद्र माझ्याच शाळेत, माझ्याच चित्रकलेच्या वर्गात. आणि आता दुसरी गंमत ऐका. वर्गाच्या भिंतींवर मुलांची स्थिरचित्रं लावलेली होती. स्थिरचित्रात काय असतं? फडकं, दोन फळं आणि बाटली. मी शिकवलेल्या सगळ्या बाटल्या उभ्या. मतदान अधिकारी आत शिरले, भिंतींकडे बघितलं आणि ओरडलेच, "हे कोणी लावलंय? प्रचारच आहे हा सरळसरळ!" मी पुढे होऊन कबूल केलं. त्यांनी माझं नाव विचारलं. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "तेच ते, फलकवाले." मग शिपायानं आणि मी मिळून वर्तमानपत्रं चिकटवली आणि सगळ्या बाटल्या झाकल्या. त्यानंतर मला बाहेर, शंभर पावलं लांब, वडाखाली उभं राहायला सांगण्यात आलं. बायकांनीही तेच सांगितलं. वेगळ्या शब्दांत.

गावातल्या बायका येत राहिल्या. दुपारपर्यंत रांग हटली नाही. काठी टेकत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, एक तर बाळंतीण. शिक्का मारून बाहेर पडताना कुणी माझ्याकडे बघायची, पण चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. उभी की आडवी? मी प्रत्येक चेहऱ्यात शोधायचो. दुपारी रांग संपली आणि वहिनी वडाखाली आली. तिनं मोजलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. गाव कमी पडत होतं. सगळं आता हिराबाईच्या टेम्पोवर होतं.

ढग डोंगर उतरून खाली आले होते. टोळी ज्या रानात होती तिथला शेतकरी पाऊस येण्याआधी कांदा झाकून घ्यायला बघणार, बायकांना सोडणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. फोन लागत नव्हता. आणि टोळी आलीच, तर त्या बायकांनी पाहिलेली बाटली एकच होती. माझी. उंबऱ्यावरच्या बाटल्या त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. त्या थेट शाळेशी उतरणार, आणि शाळेच्या फाटकात हवालदार उभा. कुणी एक शब्द बोललं तर मतदानच रद्द व्हायचं.

मतदान संपायला थोडा वेळ उरला तेव्हा लांब वळणावर टेम्पोची धूळ दिसली.

"वहिनी, आता काय करायचं?" मी विचारलं.

 वहिनी रस्त्याच्या कडेला गेली, धुळीत पदर अंथरला आणि सरळ आडवी झाली. पाय लांब, हात अंगाशी, डोळे मिटलेले. मिनिटभर कुणाला काही उमजेना. मग शेजारीण तिच्या पलीकडे आडवी झाली. मग तिची सासू, गुडघे धरत, देवाचं नाव घेत. मग एकेक करत वडाखालच्या सगळ्या बायका. डोळ्याची पापणी लवेपर्यंत रस्त्याकडेला आडव्या बायकांची रांग लागली, लाल, हिरव्या, निळ्या लुगड्यांची.

हवालदार धावत आला. "अहो, काय हे? काय झालं यांना?"

"ऊन लागलंय, साहेब," वहिनी डोळे न उघडता म्हणाली.

"आभाळ आलंय, ऊन कुठंय?"

"मगाशी लागल्यालं."

हवालदार कायद्याची पुस्तकं आठवत उभा राहिला. बाईनं रस्त्याकडेला पडू नये, असं त्याला कुठेच आठवलं नसावं. टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी हिराबाई, मागे उभ्या बायका, केसांत पातीचे तुकडे, हातांना माती. टेम्पोचा वेग कमी झाला. हिराबाईनं खिडकीतून मान काढली, त्या रांगेकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी हळूहळू उलगडली आणि ती टेम्पोच्या मागच्या बायकांकडे वळली. बोलली काहीच नाही. नुसता हाताचा पंजा आडवा धरून दाखवला. टेम्पो फाटकाकडे गेला. पहिल्या सरीचे टपोरे थेंब पडायला लागले तेव्हा टोळीतली शेवटची बाई वर्गात शिरत होती. बाहेर एकही बाई उठली नाही. त्या तशाच भिजत पडून राहिल्या.

मोजणी माझ्या वर्गातच झाली, वर्तमानपत्रांनी झाकलेल्या बाटल्यांखाली. फरक इतका थोडा की बाळूशेठनी दोनदा मोजायला लावलं. दोन्ही वेळा आडवी बाटली निम्म्याच्या वर गेली. बाहेर हलगी वाजली, गुलाल उडाला. वहिनी मात्र पायरीवर बसून पदर पिळत होती. कुणीतरी पेढा पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "घरी जाऊन सैपाक करायचाय." रांगेत पडलेल्या एका बाईला पुढे आठवडाभर ताप आला. तो ताप माझा होता, असं मी मानतो.

त्यानंतर गाव सोन्याचं झालं, असं मी लिहिलं तर तुम्ही मला पुन्हा वडाखाली उभं कराल. दुकान गेलं. बाळूशेठ म्हणाले होते ते अगदीच खोटं ठरलं नाही. एका मळ्यात चोरून विक्री सुरू झाली, हिराबाईनं टोळी घेऊन ती दोनदा मोडली. दादा सुरुवातीला मोटारसायकलवरून तालुक्याला जायचा, एकदा पडला, ढोपर फोडून घेतलं. मग रोजचं जाणं आठवड्यावर आलं. वहिनीला हवं होतं ते अंतर, किलोमीटरमध्ये मोजता येईल असं, तिला मिळालं. दादाच्या हाताची थरथर कमी झाली की मला तसं वाटतं, हे मी अजून ठरवू शकलो नाही. अकोल्याची पिशवी खुंटीवर बरेच महिने तशीच होती. आता तिच्यात कांदा कापायचे विळे असतात, पण ती खुंटीवरून उतरली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आणि फलक? तो ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात पडून होता. चौकट काढून वहिनी घेऊन गेली. फ्लेक्स मोठा चिवट असतो, पावसात कांद्यावर झाकायला त्याच्यासारखं काही नाही.

या एप्रिलमध्ये परवा पुन्हा तसंच आभाळ आलं. संध्याकाळची वेळ, दुकानाची जुनी वेळ. मी शाळेतून येताना वहिनीच्या कांदाचाळीकडे वळलो. कांद्याचा ढीग उघडा, वहिनी घाईनं पात सारखी करत होती आणि दादा एका टोकाला फलक उलगडून धरून उभा होता. पूर्ण शुद्धीत, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला. बाटलीचा रंग विटलाय, पण काचेवरची तिरीप अजून आहे. ती बघून मला राहवलं नाही. मी दुसरं टोक पकडलं आणि म्हणालो, "दादा, असा नको, फिरवून घे. उभा घातला तर ढीग नीट झाकेल."

वहिनी थांबली. दादा थांबला. त्यानं माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, फलक आडवाच ढिगावर पसरला आणि न हसता म्हणाला,

"बारक्या, तू नुसता दगूड आनून ठेव. वरची बाजू कंची, ती मला तवाबी कळत हुती. तुला आजून कळत न्हाई."